थकवा म्हणजे भक्ती नव्हे

चर्चमधली माणसं आणि चळवळीतली माणसं, दोघांत एक सवय सारखी आहे. जो जास्त दमलेला, तो जास्त निष्ठावान! "ताईंना जेवायलाही फुरसत नसते" हे आपण कौतुकानं सांगतो. मला हे कौतुक पटत नाही, आणि प्रश्न फक्त तब्येतीचा नाही, श्रद्धेचा आहे.

शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा बायबलमध्ये दोन ठिकाणी सविस्तर येते. निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात कारण सृष्टीचं आहे, देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात मात्र कारण वेगळं आहे: तू मिसर (इजिप्त) देशात दास होतास, हे विसरू नकोस. म्हणून तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. बैल, गाढव, वेशीच्या आतला परका, सगळे त्यात आले. मिसरात इस्राएलांनी देवाच्या उपासनेसाठी मोकळीक मागितली, तेव्हा तिथल्या राजानं, फारोनं, त्यांना आळशी ठरवलं, विटांसाठी लागणारं गवत बंद केलं आणि विटांचा आकडा तोच ठेवला. विश्रांती मागणाऱ्याला आळशी म्हणणं ही फारोची भाषा आहे. न्यायाचं काम करणाऱ्यांच्या तोंडी ती ऐकली की मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडे तर रविवारची सुट्टीच लढून मिळाली आहे. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना एकत्र करून ती मागणी लावून धरली आणि १० जून १८९० ला ती मान्य झाली. म्हणजे विसावा हीच न्यायाची मागणी होती. मग न्याय मागणाऱ्यालाच विसाव्याची लाज का वाटावी?

इथे इंदूरमध्ये मी घरकाम करणाऱ्या बायांबरोबर काम करते. रविवारी त्यांना सुट्टी नसतेच, उलट पाहुणे येतात म्हणून भांडी वाढतात. त्यांत आपल्या ख्रिस्ती घरांतली भांडीही आहेत, हे स्पष्ट लिहिते. उपासनेहून आल्यावर घरातली बाई ओट्याशी आणि बाकीचे पंख्याखाली, असा शब्बाथ अनुवादातल्या आज्ञेत बसत नाही.

"अन्याय सुट्टी घेत नाही, येशूनंही शब्बाथाला लोकांना बरं केलं," असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायातली ती बाई पाहा. अठरा वर्षं वाकलेली, सरळ उभं राहताच येत नव्हतं. येशूनं तिला शब्बाथाच्या दिवशी मोकळं केलं, कारण त्या दिवसावर तिचाही हक्क होता. तोच येशू शिष्यांना जेवायला सवड मिळेना तेव्हा एकांती चला, थोडा विसावा घ्या, असं म्हणतो. वादळात होडीच्या मागच्या भागात उशीवर झोपतो. आणि एलीया? मरण मागत झुडपाखाली पडलेला संदेष्टा. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकरी देतो, पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, मग पुन्हा उठवून खायला देतो. पुढचं काम त्यानंतर. आपल्या किती बैठकांत आधी भाकरी आणि झोप विचारली जाते?

घाईनं काही संपणारही नाही. आपली इंदूरची हुकुमचंद कापड मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला. कितीतरी जण वाट पाहत गेले. अशा लढ्यांना पिढ्या लागतात, आणि एकाच कार्यकर्तीच्या हाडांवर पिढ्यांची लढाई उभी राहत नाही.

म्हणून विश्रांती वाटून घ्यायला हवी, एकट्यानं चोरून नव्हे. आमच्या गटात आता रविवारी मदतीचा फोन आळीपाळीनं सांभाळायचं ठरलं आहे. ज्याची पाळी नसेल, त्याला कुणी फोन करायचा नाही. पाळक आणि मंडळीच्या वडीलजनांना माझी विनंती आहे: महिन्यातून एका रविवारी मंडळीचं जेवण पुरुषांनी रांधावं आणि भांडीही त्यांनीच घासावीत. कामाला येणाऱ्या ताईंना त्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी. इंदूरमधलं जे कुणी फोनची एखादी पाळी घेऊ शकेल, त्यांनी मला मेसेज करावा. दुपारी दोन ते सहा या वेळेला सध्या कुणी नाही.