दत्तकपत्र झालं म्हणजे व्हिसा झाला? थांबा जरा

आमच्या बेळगावच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरायलाय. मला स्वतःला पाच जणांनी पाठवला, आणि परवा एक अक्का त्याची प्रिंट काढून थेट दुकानातच आल्या, सोबत कोरा स्टॅम्प पेपर, म्हणाल्या एवढं टाईप करून दे बाई, धाकटीला अमेरिकेतल्या मावशीला दत्तक द्यायचीय. मी कोर्टाजवळ टायपिंग आणि कानडी-मराठी-इंग्रजी भाषांतराचं काम करते. वकील नाही, हे आधीच सांगते. पण असली कागदपत्रं हाताखालून जाऊन जाऊन काय कुठे अडकतं ते कळायला लागलंय, म्हणून लिहितेय.

मेसेज असा आहे: "परदेशातल्या बहीण-भावाला मूल दत्तक द्यायचंय? आता एकदम सोपं! स्टॅम्प पेपरवर दत्तकपत्र करा, सब-रजिस्ट्रारकडे नोंदवा. हिंदूंना काराची परवानगी लागत नाही. कुठलाही नातेवाईक चालतो. त्यावर पासपोर्ट आणि अमेरिकेचा व्हिसा मिळतो, तिथे उतरल्याबरोबर मूल नागरिक. एच-वन वाल्यांनाही चालतं. नाहीच जमलं तर टुरिस्ट व्हिसावर न्या आणि तिकडे दत्तक घ्या." (कारा म्हणजे दिल्लीतलं केंद्रीय दत्तक प्राधिकरण, आणि एच-वन म्हणजे अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा.)

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच लोक फसायलेत. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात देणं-घेणं प्रत्यक्ष झालं आणि बाकी अटी पाळल्या की दत्तक होतं, नोंदवलेलं दत्तकपत्र असलं की ते कायद्याप्रमाणे झालंय असं कोर्ट धरून चालतं, सगळं बरोबर. शहापूरच्या माणसाने वडगावच्या पुतण्याला दत्तक घेतलं तर विषय तिथेच संपतो. पण मूल देशाबाहेर जाणार म्हटलं की दुसरा कायदा सुरू होतो, २०१५ चा बाल न्याय कायदा, आणि मेसेज लिहिणाऱ्याने त्याचं कलम ५६ निम्मंच वाचलंय. तिसऱ्या पोटकलमात लिहिलंय की हिंदू कायद्याने केलेल्या दत्तकाला हा कायदा लागू नाही. तिथे याने पुस्तक मिटलं. पुढच्याच ओळीत, चौथ्या पोटकलमात, देशाबाहेरची सगळी दत्तकं याच कायद्याने आणि काराच्या नियमांनी होतील असं आहे, आणि पाचव्यात तर वैध आदेशाशिवाय मूल परदेशी नेणं किंवा त्याची व्यवस्था करणं हा गुन्हा आहे, कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. तेव्हा "हिंदूंना कारा लागत नाही" हे बेळगाव ते निपाणी ठीक आहे, बेळगाव ते न्यू जर्सी नाही. हिंदू कायद्याने आधीच झालेलं दत्तक असलं तरी २०२१ पासून नियमात आलंय की मूल बाहेर न्यायचं तर जिल्हाधिकाऱ्याची पडताळणी आणि काराची एनओसी लागणारच.

(कारा हे सरकारी प्राधिकरण आहे. कुणा एजंटचं नाव नाही, हे पण सांगायला लागतं, एकाने मला त्यांची ब्रांच कुठे म्हणून विचारलेलं.)

आता "कुठलाही नातेवाईक". कायद्यात नातेवाईक म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. संपलं. आपल्याकडे मामेभाऊ, चुलतभाऊ सख्ख्यासारखेच, एका ताटात जेवलेले, पण मुलाच्या बापाचा चुलतभाऊ या व्याख्येत बसत नाही. आणि एक जुनी गोष्ट इथली म्हातारी माणसं हटकून काढतात, की आमच्यात दत्तकाला वय नसतं, लग्न झालेल्यालाही घेतात. खोटं नाही ते, आपला जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि तिकडच्या हिंदू कायद्यात ती रूढी होतीच. पण रूढी वतनाला आणि शेताला चालली, अमेरिकेचं इमिग्रेशन खातं मुलाचा अर्ज साधारणपणे सोळाच्या आत दाखल झालाय का एवढंच बघतं.

खरी मेख पुढे आहे, आणि ती समजवायला मला अक्कांना दोनदा चहा पाजायला लागला. आपल्या डोक्यात क्रम असा असतो की आधी घरात दत्तक करून सोडूया, मग व्हिसाचं बघू. अमेरिकेच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. हेग करार म्हणजे एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक जाण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, त्यात भारत २००३ पासून आहे आणि अमेरिकेत तो एप्रिल २००८ पासून लागू आहे. त्यामुळे अमेरिकन नागरिकाने आधी तिथे होम स्टडी (घरच्या परिस्थितीची तपासणी) करून आय-८००ए, म्हणजे पालकांच्या पात्रतेचा अर्ज, मंजूर करून घ्यायचा, मग या ठराविक मुलासाठी आय-८०० भरायचा, त्याची तात्पुरती मंजुरी यायची, मग अमेरिकन वकिलातीने हेग कराराच्या कलम ५ चं पत्र द्यायचं, आणि त्यानंतर इथे दत्तकाचा आदेश. तो आदेश सप्टेंबर २०२२ पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, म्हणजे आपल्या भाषेत डीसी ऑफिस. कायद्यात त्याला दोन महिन्यांची मुदत आहे. मुलाच्या घरची चौकशी जिल्हा बाल संरक्षण घटक करतं, मुलाला कळण्याएवढं वय असलं तर त्याची इच्छाही विचारात घेतात. शेवटी काराची एनओसी, करार पाळला गेल्याचं प्रमाणपत्र, मग व्हिसा. म्हणजे दत्तक हे या रांगेत शेवटाकडे येतं आणि तुम्ही ते पहिल्याच दिवशी माझ्या टाईपरायटरवर उरकून बसलात तर तिकडचा माणूस विचारणार, मुलाचं दत्तक आमच्या मंजुरीच्या आधीच कसं झालं? मग त्याची उत्तरं देत बसा. हिंदू कायद्याने झालेलं वैध दत्तक नंतर रद्दही करता येत नाही, त्यामुळे चूक झाली म्हणून कागद फाडून टाकू, असंही नाही.

यापेक्षाही कडू एक गोष्ट आहे, ती फॉरवर्डमध्ये कुणी लिहित नाही. आपल्यात मूल का देतात? बहिणीला मूलबाळ नाही, आपल्याला तिसरी मुलगी झाली, तिकडे शिक्षण होईल, पोरीचं भलं होईल. घरात हे कारण पुरतं, उलट पुण्याचं काम म्हणतात. अमेरिकन नियमात मात्र आई आणि बाप दोघे जिवंत असतील तर ते त्या मुलाला नीट सांभाळायला असमर्थ आहेत हे दाखवावं लागतं, इथल्या राहणीमानाच्या हिशोबाने. अक्कांचे मिस्टर बँकेत, स्वतःचं घर, दारात गाडी. मी विचारलं, अक्का तुम्ही असमर्थ आहात असं लिहून देणार काय? त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, असं कसं लिहायचं, लोक काय म्हणतील. लोकांचं राहू द्या, ते खोटं होईल ना! आणि खोटं लिहिलं तर ते मुलीच्या फाईलला कायमचं चिकटतं.

एच-वनचं तर मेसेजवाल्याने हवेतच सोडलंय. आय-८००ए भरायला अमेरिकन नागरिक लागतो, नवरा-बायकोपैकी एक तरी. एच-वन किंवा ग्रीन कार्ड असेल तर हा रस्ताच नाही. मग उरतं ते दत्तक मुलाचं नेहमीचं कलम, सोळाच्या आत दत्तक, दोन वर्षं कायदेशीर ताबा आणि दोन वर्षं मुलासोबत प्रत्यक्ष राहिल्याचा पुरावा. मूल बेळगावात, आईबाप डॅलसमध्ये, तर सोबत राहणं कुठे व्हायचं? बहुतेकांना नोकरी सोडून इकडे येऊन राहावं लागेल. डिपेंडंट व्हिसाला पण मूल म्हणजे कोण याची व्याख्या तीच.

नागरिकत्वाचं निम्मं खरं. अमेरिकेचा २००० सालचा कायदा आहे, २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू, त्यात अठराच्या आतलं मूल कायम रहिवासी म्हणून आलं आणि नागरिक आई किंवा बापाच्या ताब्यात तिथेच राहायला लागलं, की ते आपोआप नागरिक. पण त्याला आधी बरोबर व्हिसा हवा आणि दत्तक इथेच पूर्ण झालेलं हवं. ग्रीन कार्डवाल्या पालकांच्या मुलाला तसं मिळत नाही, पालक नागरिक होईपर्यंत थांबा.

टुरिस्ट व्हिसाचा सल्ला देणाऱ्याला तर माझ्यासमोर आणा. व्हिसा घेताना हेतू लपवला म्हणजे खोटं बोलणं झालं, मूल मुळात भारतात राहणारं म्हणून हेगची अट तिकडे गेल्यावरही सुटत नाही, आणि इकडे कलम ८० आहेच. म्हणजे नागरिकत्व लांबच, पोरगी तिकडे कागदाविना अडकून बसायची.

आणि मधले लोक. "आम्ही कारातून करून देतो, इतके लाख द्या" असं म्हणणारा भेटला तर तिथूनच उठा. दत्तकासाठी पैसे घेणं-देणं १९५६ च्या कायद्यातही गुन्हा आहे आणि मुलाचा सौदा झाला तर २०१५ च्या कायद्याचं कलम ८१, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. मंजूर झालेल्या परदेशी संस्था असतात, अर्ज त्यांच्यामार्फत काराच्या पोर्टलवर चढतो. मूल गेल्यावरही त्या दोन वर्षं अहवाल पाठवतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा-सहा महिन्यांनी.

आता माझ्या धंद्यातलं थोडं, कारण यात आपल्या भागाचे हाल वेगळे. आईचा जन्मदाखला बेलगामचा, मुलीचा बेळगावीचा, कारण शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. तिकडच्या बाबूला ही दोन शहरं वाटतात. मग नावांची गंमत. ज्ञानेश्वर या एका नावाचं स्पेलिंग मराठी शाळा डी-एन-वाय ने सुरू करते आणि कानडी क्लार्क जे-एन ने, बापाच्या आधारला एक, मुलीच्या ई-जन्म (कर्नाटकाच्या ऑनलाइन) दाखल्यात दुसरं, मामाच्या पासपोर्टात तिसरंच. आडनाव कुठे आधी, कुठे नंतर, कुठे नुसती आद्याक्षरं. एका घराचे कागद मी बघितले त्यात आजोबांची चार नावं निघाली आणि चारही खरी! कानडी दाखल्याचं इंग्रजी भाषांतर लागतं, आणि खाली भाषांतर करणाऱ्याने मी दोन्ही भाषा जाणते, हे पूर्ण आणि बरोबर आहे, असं लिहून सही करायची, एवढं झालं की अमेरिकन खात्याला पुरतं. पण स्पेलिंग मी भाषांतरात दुरुस्त करू शकत नाही, जे दाखल्यात आहे तेच लिहायचं, दुरुस्ती मूळ दाखल्यातच करून आणायची. आणि ती कामं काही मुलीच्या व्हिसासाठी नाही, एरवीही करून ठेवण्यासारखीच आहेत.

अक्कांना स्टॅम्प पेपर परत दिला. टायपिंगचे पैसे घेतले नाहीत. आधी बहिणीला फोन करून ती नागरिक आहे की नुसतं ग्रीन कार्ड आहे हे विचारायला सांगितलं, कारण पंधरा वर्षं बहीण तिकडे आहे पण हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.