क्वाय नदीचा पूल आणि मावशीचा फॉरवर्ड

दिवाळीनंतर मावशी टूरबरोबर थायलंडला चालली आहे. परवा तिने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, ‘क्वाय नदीचा पूल : सत्यकथेतून नेतृत्वाचे धडे’. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धात जपान्यांना थायलंडमधल्या रेल्वेचा पूल बांधता येईना, तेव्हा कैदेतल्या ब्रिटिश कर्नलने स्वतः पुढे होऊन तो झकास बांधून दिला, कैदी शिट्टी वाजवत कामाला जात, शेवटी कमांडोंनी पूल उडवला, १९५७च्या सिनेमात हे सगळं जसंच्या तसं आहे. तात्पर्य, ‘काम शत्रूचं असलं तरी मन लावून करा.’

हे तात्पर्य वाचून मी फोन बाजूला ठेवला. मग परत उचलला.

सिनेमा आहे पिएर बूल या फ्रेंच लेखकाच्या १९५२च्या कादंबरीवर, आणि कादंबरीत पूल उडतच नाही. म्हणजे ‘जसंच्या तसं’ हे कादंबरीच्या बाबतीतही खोटं. चित्रीकरण श्रीलंकेत कितुलगलाजवळ झालं. नदीचं नावही चुकीचं. खरा पूल मे क्लाँग नदीवर होता. बूलचा अंदाज चुकला, सिनेमा गाजला, पर्यटक क्वाय शोधत येऊ लागले, तेव्हा १९६०च्या सुमारास थायलंडने नदीच्या त्या भागाचं नावच बदलून टाकलं!

आता तो कर्नल. पुलाजवळच्या तामारकन या युद्धकैद्यांच्या छावणीत वरिष्ठ ब्रिटिश अधिकारी होते लेफ्टनंट कर्नल फिलिप टूझी. त्यांची नात ज्युली समर्स हिने त्यांच्यावर सबंध पुस्तक लिहिलं आहे, फॉरवर्ड लिहिणाऱ्याने त्याची पहिली वीस पानं तरी चाळायची होती. टूझींना सिंगापूर पडण्याआधी निसटायचा हुकूम होता. माणसांना सोडून जात नाही म्हणून ते थांबले. औषधं, अन्न, विश्रांतीसाठी जपान्यांशी भांडले, त्यासाठी मारही खाल्ला. आणि पूल? खरं तर दोन होते, आधी लाकडी, मग काँक्रीटच्या खांबांवरचा लोखंडी. त्यांच्या माणसांनी वाळवी गोळा करून लाकडी पुलात सोडली, काँक्रीट मुद्दाम कच्चं कालवलं. हे का ‘मन लावून’? शिस्तीबद्दल फॉरवर्डचं अर्धं बरोबर आहे, तेवढं मानतो. टूझींची छावणीत कडक शिस्त होती. पण ती माणसं जगावीत म्हणून, पूल देखणा व्हावा म्हणून नव्हे. सिनेमा आल्यावर जुने कैदी चिडले ते याच कारणाने.

जपान्यांना बांधता येत नव्हतं, हे तर हास्यास्पद. आखणी त्यांच्याच इंजिनिअरांची. लोखंडी कमानी जावाहून आणलेल्या. हा पूल ज्याचा भाग होता तो थायलंड ते ब्रह्मदेश सुमारे ४१५ किलोमीटरचा डोंगर-जंगलातला रेल्वेमार्ग त्यांनी वर्षभरात पुरा करून घेतला, ऑक्टोबर १९४३मध्ये.

कुणाच्या जिवावर, ते मात्र फॉरवर्डमध्ये नाही. साठेक हजार दोस्त राष्ट्रांचे युद्धकैदी, त्यातले बारा हजारांवर मेले. शिवाय दोन लाखांच्या आसपास आशियाई मजूर: ब्रह्मी, मलाय, जावाचे, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ. पगाराची लालूच दाखवून किंवा सरळ पकडून नेलेले. त्यांच्यात ना अधिकारी, ना डॉक्टर. पटकी आली की अख्खे तळ ओस पडत. मेलेल्यांचा अंदाज पाऊण लाख ते एक लाख. पुलाजवळच्या कांचनाबुरी गावातल्या युद्ध दफनभूमीत सुमारे सात हजार कैद्यांच्या कबरी आहेत, ओळीत, गवत कापलेलं. या मजुरांची धड यादीसुद्धा नाही. सिनेमात ते जवळजवळ दिसतच नाहीत. बूल स्वतः युद्धापूर्वी मलायात रबराच्या मळ्यावर नोकरीला होता, हे कळल्यावर मला जास्तच राग आला.

सिनेमातल्या त्या शिट्टीची धून १९१४ची, छान आहे, ऐका.

कमांडोंचं म्हणाल तर पुलावर १९४५मध्ये दोस्तांच्या विमानांनी बॉम्ब टाकले. मावशी, तू पुलावर जाशील तेव्हा नीट बघ: बऱ्याच कमानी वर गोलाकार आहेत, मधल्या दोन सरळ कोनांच्या. त्या दुरुस्तीच्या. फोटो त्यांचा काढ. आणि ग्रुपवर टाकताना तो फॉरवर्ड खाली चिकटवू नकोस.