पॉवर किती पाहिजे?

सोसायटीत भांडून मी गुलमोहराखालची पार्किंगची जागा मिळवली होती. झाडाने त्याचा सूड उगवला. पुढच्या काचेखाली, वायपरच्या पोटात एक खण असतो. त्यातलं पाणी निघून जायला भोकं असतात. ती गुलमोहराच्या बारीक पानांनी बुजली. जूनच्या पहिल्या धुवाधार पावसात तिथे तळं साचलं आणि वीस वर्षं इमानेइतबारे चाकरी केलेलं आमच्या गाडीचं ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कारभार बघणारा कॉम्प्युटर, त्यात बुडालं. मधूनमधून ती पानं काढायची असतात हे मला ठाऊक होतं. ठाऊक असण्यात आणि करण्यात माझं नेहमीच थोडं अंतर पडतं.

"साहेब, हे गेलं," गॅरेजवाले उस्ताद म्हणाले आणि पत्र्याची डबी उघडून माझ्यापुढे धरली. आतल्या सर्किटच्या पाटीवर हिरवट बुरशी चढली होती आणि एका कोपऱ्याला, शपथेवर सांगतो, एक पान चिकटलं होतं.

गाडी साधी असती तर जुन्यासारखं दुसरं बसवून मोकळा झालो असतो. पण चाळिशी लागली की लोक योगासनं करतात, ट्रेकला जातात. मी 1800 सीसीच्या, 20 व्हॉल्व्हच्या टर्बो इंजिनाला आणखी मोठा, जास्त हवा कोंबणारा टर्बो आणि जास्त पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर बसवून घेतले होते. (गाडीतल्या फेरफारांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 ज्यांना पाठ आहे, त्यांनी हे वाक्य वाचलंच नाही असं धरून चालू.) म्हणजे आता असं ईसीएम हवं होतं, ज्याला या सुटलेल्या पोटाचा आहार माहीत आहे.

मग सल्ले सुरू झाले. प्रत्येक सल्लागाराचा पहिला प्रश्न एकच: "पॉवर किती पाहिजे?" जणू मी पिठाच्या गिरणीत डबा घेऊन उभा आहे.

भाच्याचं म्हणणं, थेट स्टँडअलोन घ्या, म्हणजे कुठल्याही इंजिनाला जोडून हवं तसं भरता येणारं ईसीएम. हॅलटेक सिडनीचं, मोटेक मेलबर्नचं, लिंक क्राइस्टचर्चचं. ही माणसं क्रिकेट नसतं तेव्हा दुसरं काही करतात की नाही, कोण जाणे. किमती रुपयांत करून पाहिल्या आणि कॅल्क्युलेटर उलटा ठेवला. मग मेगास्क्वर्ट निघालं. अमेरिकेतल्या दोघा हौशींनी काढलेलं, पाटी आणि सुटे भाग आणून आपणच डाग देत बसायचं. नाव मराठीत आणलं तर महापिचकारी. होळीला ठीक आहे. शेवटी स्पीडुइनो. ते आर्डुइनो नावाच्या, हौशी लोक वापरतात त्या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डावर चालतं, म्हणून स्वस्त. "मी बसवून देतो मामा," भाचा म्हणाला. याच बोर्डावर त्याने आमच्या बाल्कनीतल्या कुंड्यांना आपोआप पाणी घालायचं यंत्र केलं होतं. तुळस गेली. शिवाय आमचा थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, तारेचा नाही, विजेवरचा. तो स्पीडुइनोला एकट्याने झेपत नाही.

या सगळ्यात अकलेचा प्रश्न बायकोने विचारला. भाजी निवडता निवडता. "एसी चालेल ना?"

मी हसलो. त्या रात्री वाचत बसलो तेव्हा हसू मावळलं. 6000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 6000 फेऱ्यांना, चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला 200 ठिणग्या पडतात. प्रत्येकीच्या वेळी पेट्रोल मोजून द्यायचं. एरवी वजनाने एका भागाला 14.7 भाग हवा, बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, चढला की 12च्याही खाली. त्यातून पंपावर 20 टक्के इथेनॉलचं ई-20 आल्यापासून त्या 14.7चे साडेतेराच्या आसपास झालेत. हे ऐकायला भयंकर वाटतं, पण याचे तक्ते असतात, ते भरता येतात. अवघड ते पुढे. एसीचं बटण दाबलं की कॉम्प्रेसर इंजिनाची मानगूट धरतो. त्याच्या क्षणभर आधी थ्रॉटल किंचित उघडावा लागतो. जानेवारीच्या सकाळी गार इंजिनाला नेमकं किती जास्त पाजायचं, पंखा कधी फिरवायचा, मीटरच्या काट्याला तापमान कोण कळवणार? जुनं ईसीएम हे गुपचूप करायचं. घरातलं जुनं माणूस गेल्यावर कळतं ना, दूधवाल्याचा हिशेब कोण ठेवत होतं ते, तसं.

तेव्हा ठरलं, जुन्याच जातीचं आणायचं. बॉश मोट्रॉनिक एमई 7.5, 121 पिनांचं. पुण्याहून पहाटेची गाडी पकडून कुर्ल्याला सीएसटी रोडवर, गाड्यांच्या पार्टांच्या बाजारात गेलो. दुकानदाराने माझी सगळी कर्मकहाणी ऐकून घेतली आणि एवढंच म्हणाला, "पार्ट नंबर बोलो."

बसवलं. चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, आणि दोन सेकंदांत बंद. पुन्हा सुरू, पुन्हा दोन सेकंद. इमोबिलायझर, चोराला गाडी नेऊ न देणारं कुलूप! नव्या ईसीएमला आमचा मीटर ओळखीचा नव्हता. ओळखपाळख असते एका आठ पायांच्या चिपमध्ये, तूरडाळीएवढी. जुन्या पाटीवरची काढून नव्या पाटीवर डकवायची. उस्तादांनी मला एका मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर नेलं. तिथल्या पोराने गरम हवेचा झोत मारला, चिमट्याने चिप उचलली आणि त्याच क्षणी त्याचा फोन वाजला. त्याने तो घेतला. डाव्या हाताने. उजव्या चिमट्यात माझी गाडी अधांतरी. "हो आई, जेवलो. नाही गं, डब्यातलंच. भेंडी." त्या भेंडीच्या भाजीत मीठ जास्त होतं, हे मी आयुष्यभर विसरणार नाही.

गाडी सुरू झाली, सुरू राहिली, आणि मोठ्या इंजेक्टरांमुळे काळा धूर ओकू लागली. जुन्या ट्यूनची, म्हणजे भरलेल्या तक्त्यांची, फाइल मी अगदी जपून ठेवली होती. कुठे, ते आठवत नव्हतं. म्हणून ट्यूनर बोलावला. त्याने लॅपटॉप जोडला, बोटं मोडली आणि विचारलं, "सर, पॉवर किती पाहिजे?"

"एसी चालला पाहिजे," मी म्हणालो.

त्याने एकदा टर्बोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि निमूटपणे कामाला लागला.

रविवारी बायकोला घेऊन निघालो. कर्वे रोडच्या सिग्नलला तिने एसीचं बटण दाबलं. आरपीएमचा काटा साडेआठशेवरून सहाशेवर आला, थरथरला. मी श्वास धरला. काटा विचार करत राहिला आणि हळूहळू साडेआठशेवर जाऊन टेकला.

"पंखा जरा कमी कर," ती म्हणाली. "केस उडतायत."