राजा रापणीला गेला

मराठी रंगभूमी दिन ५ नोव्हेंबरला असतो. १८४३ साली त्या दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. भावे सांगलीचे होते हे मराठी नाटकाचं नशीब. ते आमच्या वेंगुर्ल्याकडचे असते तर त्या तारखेला राम, सीता आणि अर्धी मिथिलानगरी भात कापायला गेली असती.

गावातल्या मुलांना घेऊन मी बालनाट्य बसवतो. लोकांना वाटतं, गावच्या पोरांना अभिनय शिकवणं कठीण असेल. मुळीच नाही. कठीण आहे ते त्यांना एका छपराखाली एका वेळी उभं करणं. जुलैत लावणी. भाद्रपदात गणपती, म्हणजे घर चाकरमान्यांनी भरलेलं आणि नाटकातल्या राजाच्या गळ्यात मृदंग. मग कापणी. कार्तिक लागला की गावोगावच्या जत्रा, रात्रभर दशावताराची नाटकं, दिवसभर झोप. मग परीक्षा, काजू, आंबा, लग्नं. जूनमध्ये सगळे मोकळे असतात, पण तेव्हा देवळाच्या सभामंडपाच्या पत्र्यावर असा पाऊस कोसळतो की राजा ओठ हलवतो आणि प्रधान अंदाजाने मान डोलावतो.

पोरं नकार मात्र कधी देत नाहीत. देवापुढचं गाऱ्हाणं ऐकतच वाढलेली, त्यात प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं असतं. मी म्हणतो, “उद्या पाच वाजता सगळे हजर पाहिजेत.” सगळी एका सुरात ओरडतात, “होय म्हाराजा!” दुसऱ्या दिवशी पाचला सभामंडपात मी, देव आणि गुरवाचा कुत्रा.

मध्यंतरी शहरातून एक बाई शिबिर घ्यायला आल्या. फार गोड बाई. मुलांना गोलात उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि हळुवार आवाजात म्हणाल्या, “आता तुम्ही सगळे झाड आहात.” एकाने लगेच डोळे उघडले. “खयचा झाड, मॅडम? कलमी की रायवळ?” बाईंनी कुठलंही चालेल म्हणून सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “फांद्या पसरा.” सगळ्यांचे हात वर गेले, एकच पोरगा हात अंगाला चिकटवून ताठ उभा. बाईंना वाटलं, मूल बुजरं आहे. जवळ जाऊन त्यांनी पाठीवरून हात फिरवला. तो म्हणाला, “मी माड. माडाक फांद्यो नसतत.” यावर नाट्यशास्त्रात उत्तर नाही. तोच मुलगा पुढे आमचा राजा झाला.

नाटक मी लिहिलं होतं. समुद्राच्या आवाजाने झोप येत नाही म्हणून एक राजा समुद्राला गप्प बसायचा हुकूम सोडतो, अशी गोष्ट. संहितेच्या प्रती काढून वाटल्या. आठवड्याने चौकशी केली तर एकीत सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, बांधलेली होती आणि उरलेल्या कुणी उघडलेल्या नव्हत्या. ओरडलो, तर प्रधान शांतपणे म्हणाला, “सर, गोष्ट कळली मां, मगे वाचूचा कित्याक?”

आता याला काय बोलणार? ज्या पोराने समज आल्यापासून दशावतार बघितला, त्याला लिखित संहिता म्हणजे काय ते कसं पटवायचं? तिथे प्रयोगाआधी आख्यान ठरतं, कोण कोण होणार ते ठरतं, प्रत्येक जण आपला चेहरा आपणच रंगवतो आणि बाकीचं रंगमंचावर. एक बाकडं असतं. ते सिंहासन, तेच पर्वत, लागलं तर तोच रथ. मी मात्र “दोन पावलं डावीकडे, मग थांब, मग बघ” असलं लिहून आणलेलं. पोरं माझ्याकडे दयेने बघायची.

रंगीत तालीम ठरली त्या दिवशी, काय चमत्कार, सगळे हजर. राजाने मुकुट चढवला, मिशी चिकटवली. पहिलं वाक्य घेतो न घेतो तोच किनाऱ्याकडून हाळी आली. रापण लागली होती. होडीने जाळ्याचा वेढा घातलेला, दोराची दोन्ही टोकं वाळूत, आणि ओढायला माणसं हवीत. ओढेल त्याला वाटा. नेपथ्याच्या दोन पाट्या हातात घेऊन मी उभा होतो आणि माझं राज्य मुकुटासकट उतारावरून पळत गेलं.

मीही मागून गेलो. बघतो तर राजा दोराला, त्याच्या मागे प्रधान, त्याच्या मागे कोळीणबाई झालेली मुलगी, तिच्या मागे समुद्र. म्हणजे समुद्राची भूमिका करणारा मुलगा; खरा समुद्र पुढे होता. एका लयीत ओढत होते. ज्या लयीसाठी मी महिनाभर टाळ्या वाजवून घसा सुकवला, ती ही. थोड्या वेळाने मलाही कुणीतरी दोरात घेतलं. संध्याकाळी सगळ्यांना वाटे मिळाले. मलाही बांगडे मिळाले. दिग्दर्शनाचं एवढं मानधन मला आजवर मिळालेलं नाही.

स्पर्धेला तालुका सोडून गेलो. बंद नाट्यगृह, काळे पडदे, तोंडावर दिवे. या पोरांचा आवाज व्हाळापलीकडच्या वाडीत पोचतो, पण त्या अंधारात राजाचा घसाच बसला. प्रधान पहिलं वाक्य विसरला. विंगेतून मी सांगतोय, प्रेक्षकांतले काही ऐकताहेत, प्रधानाला ऐकू येत नाही. एकदम राजाने मुकुट मागे सरकवला आणि मालवणीत सुरू केलं, “प्रधानजी, माका झोप नाय! समुद्राचो आवाज सोसता, पण रात्री ते उजेड कसले?” प्रधान जागा झाला. “एलईडीचे, म्हाराज. दिवे लावून मासो काढतत.” “बंद करा!” “बंदच आसत म्हाराज. २०१७ पासून बंदी आसा.” राजाने समोरच्या अंधारात नीट बघितलं. “मगे माका दिसतत ते काय काजवे?”

प्रेक्षागृह फुटलं. राजाचे वडील छोट्या होडीवर जातात. हे काही त्याला पाठ करावं लागलं नव्हतं. त्यानंतर माझ्या नाटकातलं एकही वाक्य मंचावर आलं नाही आणि शेवटची घंटाही कुणी ऐकली नाही. परीक्षक म्हणाले, मुलं गुणी आहेत, पण संहितेशी इमान राखलं नाही. बक्षीस अर्थातच नाही. मला संहितेचं वाईट वाटलं, नाही असं नाही. लेखक मीच होतो.

गावच्या जत्रेत दशावताराआधी आम्हाला वेळ मिळाली. मानकऱ्यांनी विचारलं, “केवढा नाटक?” म्हटलं, चाळीस मिनिटं. त्यांचा चेहरा पडला. “चाळीस मिनटां? मगे उजाडासर काय?” त्यांची काळजी फुकट होती. राजाला समोर अख्खा गाव मिळाला होता. तासाभराने मंडपामागे दशावतारी मंडळी रंगलेल्या चेहऱ्यांनी ताटकळत बसली होती. शेवटी त्यांचा संकासूर, म्हणजे वेद चोरणारा राक्षस, वैतागून, काळ्या वेषात, थेट आमच्या दरबारात घुसला. राजा हललासुद्धा नाही. “प्रधानजी, हो पावणो कोण? तालमीक कधी दिसलो नाय.”

संकासूरही पोचलेला. “म्हाराज, मी वेद चोरूक इलंय.”

“उशीर केलंस. आमच्या सरांची वही होती, ती पोरांनी आधीच गायब केल्यानी.”

दोघं मग किती वेळ भांडत होते कोण जाणे. सकाळी दहीकाला झाल्यावर संकासूर रंग पुसत राजाच्या आईला शोधत आला. पोरगो तयार आसा, आमच्याकडे धाडा, म्हणाला. आईने त्याला नीट न्याहाळलं.

“आधी तेका गणितात पास होऊ दे,” ती म्हणाली, “मगे राक्षस होऊ दे.”