झाकण दाबू नका

टिकवण्यासाठी भरलेल्या टोमॅटोच्या बरण्या उकळत्या पाण्यातून काढल्या, जाड फडक्यावर बोटभर अंतर ठेवून ओळीने मांडल्या आणि चिमटा धुवायला वळलो. मागून आवाज आला, टक. मग आणखी एक, टक. मी वळेपर्यंत आमचे साडू एकेका झाकणाच्या मधोमध अंगठा दाबत ओळीच्या टोकाला पोहोचले होते. चेहऱ्यावर सेवा घडल्याचं समाधान.

"घ्या, सगळी बसवून दिली," ते म्हणाले.

ज्यांनी कधी बरण्या भरल्या नाहीत, त्यांना यात चिडण्यासारखं काय आहे ते कळणार नाही, म्हणून सांगतो. बरणी उकळत्या पाण्यात असते तेव्हा आतली हवा झाकणाखालून निसटत असते. बाहेर काढल्यावर आतला माल थंड होऊन आकसतो, वर पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा झाकणाला आत ढकलते. तेव्हा झाकण आपणहून 'टक' म्हणतं. बरणी हवाबंद झाल्याची ती पोचपावती. कधी ती दहा मिनिटांत मिळते, कधी तास-दोन तास ताटकळत ठेवते. म्हणून 12 ते 24 तास बरणीला हात लावायचा नाही, तिरकी करायची नाही, झाकण धरून ठेवणारी आट्यांची रिंग आवळायची नाही. अंगठ्याने दाबलं तरी झाकण खाली बसतं आणि आवाजही तस्साच येतो, पण आत पोकळी झाली की नाही ते कळायला मार्ग उरत नाही. थोडक्यात, सगळ्या पावत्यांवर साडूंनीच सह्या ठोकून ठेवल्या.

"अहो, असं दाबायचं नसतं."

"का? आवाज तर आला."

"तो तुमच्या अंगठ्याचा."

"आवाज तो आवाज. झाकणाला काय कळतंय, वरून दाबलं की आतून ओढलं?"

"आत पोकळी व्हावी लागते."

"कसली पोकळी? बरणी तर गच्च भरलीय." एवढं बोलून त्यांनी एक बरणी फडक्याने उचलली, डोळ्यांसमोर धरली आणि तिरकी केली. "आणि ही वरची रिकामी जागा? टोपलीत एवढे टोमॅटो पडलेत, आणि बरण्या मात्र अपुऱ्या भरल्यात!"

टोमॅटोच्या बरणीत काठाखाली अर्धा इंच, म्हणजे सव्वा सेंटिमीटर जागा सोडायची असते. कमी सोडली तर उकळताना रस उसळून वर येतो, एखादी बी काठ आणि झाकण यांच्या मध्ये अडकते आणि झाकण बसत नाही. जास्त सोडली तर ठरलेल्या वेळात आतली सगळी हवा बाहेर पडत नाही आणि वरचा थर काळपट पडतो. हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तुमचंही अंदाजपंचेच आहे."

मग त्यांचं लक्ष रिंगेकडे गेलं. "ही सैल राहिलीय. आवळून देऊ?" रिंग बोटांच्या टोकांनी फिरेल तेवढीच आवळायची असते. मनगटाचा जोर लावून आवळली तर हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि झाकण मध्येच वाकून सुरकुततं. आणि बरणी बाहेर आल्यावर आवळली तर नुकतंच चिकटलेलं रबर सुटतं. हे सांगेपर्यंत त्यांनी दोन आवळून टाकल्या होत्या.

साडूंना रागावता येत नाही, ही खरी अडचण. भाऊ असता तर कान धरला असता, शेजारी असता तर दार लावून घेतलं असतं. बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला फक्त "बसा ना, चहा घेता?" एवढंच म्हणता येतं. आणि चहा घेतला की ते आणखी तासभर बसतात.

बी पेरताना, आळी करताना, भर उन्हात पाणी देताना आणि पानाखालच्या अळ्या वेचताना हा माणूस कुठेही नव्हता. फळं लागल्याचा वास त्याला कसा लागतो कोण जाणे. बरं, परसबागेत फळं येतात तीसुद्धा शिस्तीत येत नाहीत. टोमॅटोच्या बुटक्या, झुडूपवजा जातींचा बहुतेक माल दोन-तीन आठवड्यांत एकदमच पिकतो. सतत वाढत राहणाऱ्या वेलवजा जाती थोड्या दमाने घेतात. घेवड्याच्या शेंगा दर दोन-तीन दिवसांनी तोडल्या नाहीत तर आत दाणा भरतो, शेंग दोरीसारखी होते आणि झाड 'आपलं काम झालं' असं समजून फुलायचंच थांबतं. काकडीचंही तेच. पानाआड एक जरी काकडी पिवळी होईपर्यंत राहिली तरी वेल पुढच्या काकड्यांचा विचार सोडून देतो. म्हणजे खायची इच्छा असो वा नसो, तोडायला जावंच लागतं. 'ताज्या भाज्यांचा आनंद' म्हणतात तो हाच. चौथ्या दिवशी घरातली माणसं ताटातल्या काकडीकडे बघून मान फिरवतात.

टोमॅटो पूर्ण लाल होईपर्यंत झाडावर ठेवायचीही गरज नसते. बुडाशी गुलाबी झाक दिसली की तोडून घरात सावलीत ठेवावा, चवीत फारसा फरक पडत नाही आणि पक्ष्यांचा वाटा वाचतो. उन्हाळ्यात तर हेच शहाणपणाचं, कारण पारा 30 अंशांच्या वर राहिला की लाल रंग तयार होणंच मंदावतं आणि फळ नारिंगी-पिवळट राहतं. असे तोडलेले टोमॅटो मी परातीत देठ खाली करून मांडले होते. साडूंनी ते सगळे उचलून फ्रिजमध्ये कोंबले. "उन्हाळा आहे, खराब होतील." 12 अंशांखाली टोमॅटोचा वास मरतो, अर्धवट पिकलेला तर पुढे नीट पिकतही नाही, पिठूळ होतो. पूर्ण पिकलेला एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही, पण कच्चट नाही. मी ते परत बाहेर काढले. ते पाणी प्यायला गेले तेव्हा येताना पुन्हा आत ठेवून आले.

बाटलीतल्या लिंबाच्या रसावरून तर वादच झाला. टोमॅटोच्या लिटरच्या बरणीत दोन मोठे चमचे रस घालायचा, अर्ध्या लिटरला एक. नसेल तर लिटरला अर्धा छोटा चमचा सायट्रिक ॲसिड.

"घरात ताजी लिंबं असताना बाटलीतला रस?"

"ताज्या लिंबाचा आंबटपणा प्रत्येकाचा वेगळा. बाटलीतल्याचा ठरलेला असतो."

"टोमॅटो काय गोड असतो? तो आंबटच आहे की."

वरवर बघता मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच घातक आहे. सुरक्षित आणि धोक्याचा यांच्यामधली रेघ 4.6 सामूवर (आंबटपणाचं माप, pH; आकडा जितका कमी तितका आंबट) आहे आणि टोमॅटो नेमका त्या रेघेवर पाय टाकून उभा असतो. जास्त पिकला, वेल रोगट असला, जात गोडसर असली की तो रेघेपलीकडे जातो. पलीकडे बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाट बघत असतो. त्याचे बीजाणू 100 अंशांच्या उकळीला दाद देत नाहीत आणि हवाबंद, कमी आंबट जागा मिळाली की आत विष तयार करतात. त्या विषाला वास असेलच असं नाही, चवही कळत नाही. दोन चमचे रस घातला की तो सगळा प्रश्नच मिटतो. आंबट वाटलं तर खाताना साखरेची चिमूट घाला, रस कमी करू नका.

उकळण्याच्या वेळेवरही त्यांचा आक्षेप होता. ठेचून, उकळून भरलेल्या टोमॅटोच्या लिटरच्या बरणीला 45 मिनिटं लागतात, अर्ध्या लिटरला 35. तीही पाणी झाकणाच्या वर इंचभर असताना आणि खळखळ उकळी फुटल्यापासून मोजलेली. समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्या वर राहत असाल तर आणखी पाच मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. साडूंचं म्हणणं, "पाणी उकळलं ना? मग झालं. गॅस काय फुकट येतो?" गॅस माझा होता.

अशी माणसं इतिहासातही असणारच. निकोला आपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने वर्षानुवर्षं खटपट करून काचेच्या बाटल्यांत अन्न टिकवून दाखवलं, 1810 साली सरकारने त्याला 12,000 फ्रँकचं बक्षीस दिलं. अन्न का टिकतं हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं, ते कळायला पाश्चर यावा लागला. त्याच्या ओट्यापाशीही कोणी तरी "एवढा वेळ कशाला उकळता?" म्हणत उभं असेलच. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं, पण डबा उघडायचं साधन डोक्यातच नव्हतं. अमेरिकेत एझरा वॉर्नरचं पेटंट आलं ते 1858 साली. तोवर छिन्नी आणि हातोडा! आट्यांच्या तोंडाच्या बरणीचं जॉन मेसनचं पेटंटही 1858 चंच.

असो. घेवड्याच्या शेंगांची टोपली बघून साडू म्हणाले, "पाणी तापलेलंच आहे, याही घाला त्यातच." शेंगा आंबट नसतात. साध्या पाण्यात भरून त्यांच्या बरण्या नुसत्या उकळणं म्हणजे वर सांगितलेल्या जंतूला घर बांधून देणं. त्यासाठी बरण्यांचा खास प्रेशर कॅनरच लागतो, घरातल्या भाताच्या कुकरवर ते काम भागत नाही. नाही तर पाच टक्के आम्लाच्या व्हिनेगरमध्ये लोणचं, आणि सगळ्यात सोपं म्हणजे फ्रीजर. शेंगा खळखळत्या पाण्यात तीन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात तीन मिनिटं, फडक्यावर कोरड्या करून ताटात सुट्या गोठवायच्या, मग पिशवीत हवा काढून भरायच्या. ही उकळी गाळली तर शेंगांमधली विकरं (एन्झाइम) उणे 18 अंशांतही हळूहळू काम करत राहतात आणि दोन-तीन महिन्यांत शेंगांना सुक्या गवताची चव येते.

खरं सांगायचं तर निम्म्या लोकांनी बरण्यांच्या नादाला लागूच नये. टोमॅटो धुऊन, देठ काढून, अख्खेच पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाकावेत. वापरायच्या वेळी नळाखाली धरले की साल हातात येते. फोडी राहत नाहीत, पण रश्शाला फोडी कोणाला हव्यात? मी बरण्या का करतो, तर फ्रीजरमध्ये जागा नाही आणि वीज जाते. यात रम्य काही नाही.

मिरच्या वाळवायच्या त्या 55 ते 60 अंशांवर. आच मोठी केली तर बाहेरची साल कडक होते, ओल आत कोंडते आणि डब्यात बुरशी धरते. वाळल्यासारख्या वाटल्या की काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरून आठवडाभर रोज हलवायच्या. काचेवर दमटपणा दिसला की पुन्हा वाळवायच्या. साडूंनी त्या हाताने चिरल्या आणि मग डोळा चोळला. मी हातमोजे समोर ठेवले होते, एवढंच नमूद करतो.

झाकणांचं काय झालं ते राहिलं. दुसऱ्या दिवशी रिंगा काढल्या, झाकण मधोमध दाबून पाहिलं. काही झाकणं परत उसळली, ती बसलेली नव्हती. उरलेल्यांपैकी प्रत्येक बरणी नुसत्या झाकणाला धरून ओट्यापासून इंचभर उचलून पाहिली. संशयित बरण्या 24 तासांच्या आत नवं झाकण लावून पुन्हा पूर्ण वेळ उकळता येतात; मी त्या फ्रिजमध्ये ठेवल्या, रस दुसऱ्यांदा उकळला की पाणचट होतो. एका दुपारची मेहनत गेली ती गेलीच. चांगल्या बरण्यांच्या रिंगा काढूनच ठेवाव्यात, म्हणजे आतून काही बिघडलं तर झाकण आपोआप सुटतं आणि कळतं.

जाताना साडूंनी खारवलेल्या काकड्यांची एक बरणी नेली. लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम मीठ, तेही आयोडीन नसलेलं. फुलाकडच्या टोकाची दोन मिलिमीटर चकती कापून टाकलेली, कारण काकडी मऊ पाडणारी विकरं तिथेच असतात. काकड्या पाण्याखाली बुडालेल्या राहाव्यात म्हणून वर छोटं वजन. मी त्यांना दारापर्यंत जाऊन, पुन्हा पायऱ्यांवरून सांगितलं की आंबत असताना पाणी गढूळ होतं, बुडबुडे येतात, ते चांगलं लक्षण आहे. काकडी बुळबुळीत झाली, घाण वास आला किंवा केसाळ बुरशी दिसली तरच फेकायची.

चार दिवसांनी फोन आला.

"अहो, ते पाणी गढूळ झालं होतं. ओतून दिलं सगळं."

"मी सांगितलं होतं ना..."

"पण बरणी फार छान आहे हो. हिने त्यात साखर भरली. आणखी दोन असतील का तशा?"