आभाळावर उजेड पाडून कोणाचे भले झाले?

आमच्या नाक्यावरच्या हायमास्टचा, म्हणजे उंच खांबावरच्या झगझगीत दिव्यांचा, उजेड रस्त्यावर पडतो तसाच तो समोरच्या माडांच्या शेंड्यांवर, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरांत आणि थेट आभाळावर पडतो. आणि ही गोष्ट बोट दाखवून सांगितली तरी तिच्यात काही चुकते आहे असे शहरातल्या एकाही जबाबदार माणसाला वाटत नाही, याची मला आता मनस्वी चीड आली आहे. दिव्याला माझा विरोध नाही. काळोखात पायाखाली काय येऊ शकते हे कोकणात वाढलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको. माझा विरोध आहे तो आडव्या आणि वर जाणाऱ्या उजेडाला, ज्याचे बिल आपण सगळे भरतो आणि ज्याचा उपयोग कोणालाही होत नाही.

कोकणातल्या आकाशनिरीक्षकाच्या वाट्याला मुळात रात्री तरी किती येतात? जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाश बंद असते, ऑक्टोबरात परतीचा पाऊस संध्याकाळी गडगडत येतो, फेब्रुवारीनंतर हवेतले धुरकट पटल वाढत जाते आणि मे महिन्यात वळवाचे ढग जमू लागतात. उरलेल्यातून चंद्राच्या रात्री वजा केल्या की हातात राहतात ते मुख्यतः हिवाळ्यातल्या अमावास्यांच्या आगेमागेचे दिवस. पावसाने धुऊन काढलेली ती हवा खरोखर पाहण्यासारखी असते. पण नेमक्या याच दिवसांत लग्नसराई असते, दुकानांची उद्घाटने असतात आणि गावोगावच्या ‘प्रकाशझोतातील’ क्रिकेट स्पर्धा असतात, ज्यांत बांबूंवर बांधलेले फोकस खेळपट्टीवर कमी आणि पलीकडच्या वाडीवर जास्त रोखलेले असतात. स्पर्धा भरवा, चषक द्या, माझे काही म्हणणे नाही. परंतु चेंडू मैदानात असताना उजेड डोंगरावर का, या प्रश्नाला एकाही आयोजकाने मला सरळ उत्तर दिलेले नाही.

माझ्याकडे मोठी दुर्बीण नाही. गळ्यात अडकवायची, दोन्ही डोळ्यांनी बघायची १०×५० ची साधी दुर्बीण आहे आणि ती मला पुरते, किंवा पुरली असती. ती दहा पट मोठे दाखवते आणि तिच्या पुढच्या भिंगांचा व्यास ५० मिलिमीटर असतो. अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. क्षेत्रफळाच्या हिशेबाने ही दुर्बीण नुसत्या डोळ्याच्या सुमारे ५० पट प्रकाश गोळा करते. काळ्याभोर आकाशाखाली एवढ्या भांडवलावर काय काय मिळते ते ज्याने पाहिले आहे, त्यालाच माझा संताप कळेल. कृत्तिकांमध्ये नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, तिथे डझनांनी दिसू लागतात. मृगाच्या तीन ताऱ्यांखाली लोंबणाऱ्या तलवारीत तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, उमटतो. ज्या पुष्यातल्या पावसाला आपल्याकडे म्हातारा पाऊस म्हणतात, त्याच पुष्यातल्या धूसर ठिपक्याचा एक अख्खा तारकागुच्छ होतो. आणि २५ लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची एक अख्खी वसाहत, लांबट, फिकट डागासारखी दिसते, तिची कडा डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिली की आणखी पसरत जाते.

शहरातून यातले काय उरते? चंद्र उरतो, ग्रह उरतात, गुरूचे चार चंद्र उरतात. गुच्छांमधले ठळक तारे उरतात. जे जे धूसर आहे ते सगळे जाते, आणि आकाशातले निम्मे सौंदर्य धूसरच आहे.

यावर ठरलेला सल्ला येतो, ‘मोठी दुर्बीण घ्या.’ हा सल्ला देणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी आधी दोन मिनिटे विचार करावा. मोठे भिंग दीर्घिकेचा प्रकाश जास्त गोळा करते हे खरे, पण तिच्यामागच्या उजळलेल्या आकाशाचा प्रकाशही ते त्याच प्रमाणात गोळा करते. विवर्धन वाढवले तर आकाश काळवंडते, पण दीर्घिकाही तितकीच काळवंडते. बिंदूसारख्या ताऱ्यांना याचा फायदा होतो, म्हणून शहरात ७×५० पेक्षा १०×५० बरी पडते, हे मान्य. परंतु धूसर वस्तू आणि तिच्यामागचे आकाश यांच्यातला जो फरक पुसला गेला आहे, तो कोणतेही भिंग परत आणून देत नाही. खिशातून लाख रुपये काढून मी दिव्याचा दोष का निस्तरावा?

त्यात डोळ्यांचा हिशेब वेगळाच. अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटे लागतात आणि त्या सरावाची वाट लावायला एक झगझगीत फोकस काही सेकंद डोळ्यांवर आला तरी भागते. आमच्या गच्चीच्या कठड्याशी मी पाठ करून बसतो, डोक्यावर काळे कापड घेतो, ताऱ्यांचा तक्ता लाल उजेडात वाचतो, आणि मग शेजारच्या मंगल कार्यालयातली शार्पी, म्हणजे फिरत्या झोताचा दिवा, आकाशात गरगर फिरू लागते. वऱ्हाडी मांडवाखाली जेवत असतात. ती शार्पी पाहायला बाहेर एक माणूस नसतो. ती फिरत असते, कारण ती भाड्यात धरलेली असते!

पूर्वीचे सोडियमचे पिवळे दिवे आकाशासाठी फार चांगले होते असे मी म्हणणार नाही, पण आजचे पांढरे एलईडी जास्त घातक आहेत आणि त्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. हवेचे रेणू प्रकाश विखुरतात तेव्हा विखुरण्याचे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त असते, म्हणजे तरंगलांबी थोडी कमी झाली की विखुरणे पुष्कळ वाढते. सोडियम दिव्याचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असतो. पांढऱ्या एलईडीतल्या निळ्या प्रकाशाचे शिखर ४५० च्या आसपास असते. आकडेमोड केली तर हा निळा प्रकाश जवळजवळ तिप्पट विखुरतो. वर आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत बाष्प आणि मिठाचे सूक्ष्म कण असतातच, तेही उजेड पसरवायला हातभार लावतात. २०१५ पासून देशभर रस्त्यांवरचे जुने दिवे काढून एलईडी बसवण्याची मोहीम चालली आणि वीज वाचली, हे चांगलेच झाले. परंतु वीज स्वस्तात पडते म्हटल्यावर एकाच्या जागी चार दिवे आले, जिथे नव्हते तिथे आले, आणि तेही ६५०० केल्व्हिनचे (हे उजेडाच्या रंगाचे माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) निळसर पांढरे, जणू नाक्यावर शस्त्रक्रिया करायची आहे. बाजारात ३००० केल्व्हिनचे आणि त्याहून उबदार रंगाचे दिवे मिळत नाहीत असे नाही. ते मागितले जात नाहीत.

मला सर्वांत जास्त झोंबते ते दक्षिणेचे आकाश. कोकणपट्टीचा मधला भाग साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, हे आपले किती मोठे भाग्य आहे याची इथे कोणाला कल्पनाच नाही. नरतुरंग या दक्षिणेकडच्या तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ, ज्यात सुमारे एक कोटी तारे आहेत आणि जो आपल्यापासून सुमारे १७,००० प्रकाशवर्षे दूर आहे, तो लंडनमधून कधीच उगवत नाही आणि दिल्लीतून क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर येतो. आपल्याकडे तो २५ अंश वर येतो. काळ्या आकाशात तो नुसत्या डोळ्यांना दिसतो आणि १०×५० मधून पिठाच्या लहानशा गोळ्यासारखा दिसतो. त्याच्या खाली त्रिशंकू हा तारकासमूह आणि मित्र हा ठळक तारा दिसतात, तेही आपल्याला सहज मिळतात. मिळत होते, म्हणायला हवे. कारण शहरावर साचणारा उजेडाचा घुमट क्षितिजाजवळ सर्वांत दाट असतो, आणि किनाऱ्यावरचे शहर लांबीत पसरते, म्हणजे आमच्या दक्षिणेला शहराचाच दुसरा भाग उजळून बसलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत उरल्यासुरल्या स्वच्छ रात्री मी अख्ख्या पृथ्वीला हेवा वाटावा अशा जागेवरून एका करड्या भिंतीकडे बघत उभा असतो.

पश्चिमेला तरी समुद्र आहे, तिथे कोण दिवा लावणार, असे वाटेल. तिथेही लावतात. एलईडी दिव्यांच्या साहाय्याने मासे गोळा करून पकडण्यावर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली, तरी त्या मासेमारीविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. त्यांच्या पोटाच्या प्रश्नापुढे माझी तक्रार क्षुल्लक आहे, हे मला ठाऊक आहे, पण क्षितिजावर झगझगणारी ती रांग मलाही दिसते. याउलट रत्नदुर्गावरच्या दीपगृहाकडे पाहा. त्याचा झोत जहाजांना जितका हवा तितका आणि हवा त्याच दिशेला जातो. उजेड कुठे पाठवायचा याचा विचार करण्याची अक्कल आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या आहे. ती नाक्यापर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलस हा धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसत होता. ज्या संध्याकाळी ढग बाजूला झाले त्या संध्याकाळी लोक पुळणीवर जमले, आणि त्यांच्या डोक्यावर किनारा ‘सुशोभित’ करण्यासाठी लावलेले दिवे भगभगत होते. चंद्र दिवसेंदिवस मोठा होत होता, त्याबद्दल तक्रार करायची सोय नाही. पण त्या दिव्यांपैकी किनाऱ्यालगतचे चार तासभर बंद ठेवा, अशी विनंती केल्यावर उत्तर आले की दिवे टायमरवर आहेत आणि टायमरची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत. मुलांना माझ्या दुर्बिणीतून धूमकेतूचे डोके आणि शेपटीचा बुडखा एवढेच दिसले. नुसत्या डोळ्यांना शेपटी दाखवता आली असती अशा त्या संध्याकाळी मी रांगेतल्या प्रत्येकाला ‘नीट बघ, आहे तिथे’ असे सांगत होतो.

सुरक्षिततेचा मुद्दा काढणाऱ्यांना एवढेच सांगतो, की एकदा त्या हायमास्टखालून दुचाकी चालवून पाहा. दिवा डोळ्यांत येतो, बाहुली आकसते आणि त्याच्या पलीकडच्या सावलीत उभे असलेले जनावर दिसत नाही. डोळे दिपवणारा दिवा सुरक्षित नसतो. वेळास आणि कोकणातल्या इतर किनाऱ्यांवर कासवांची पिल्ले समुद्राकडच्या उजळ क्षितिजाच्या आधाराने पाण्याकडे धावतात आणि जमिनीकडचे दिवे त्यांना उलट्या दिशेला ओढतात, हे पर्यटकांना सांगून तिथे रात्री उजेड करू नका असे आपण बजावतो. कासवांना जे कळते म्हणून आपण मान्य करतो, ते माणसाच्या बाबतीत मान्य करायला काय हरकत आहे?

सोसायटीचा अनुभव तर लिहावा की नाही अशा विचारात मी होतो. गच्चीला कुलूप आहे. किल्ली मागितली की कारण लिहून द्यावे लागते. रात्री दुर्बीण घेऊन वर गेलेला माणूस तारे बघतो यावर कोणाचाही विश्वास नाही. ‘काका, नक्की काय बघता हो?’ हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो तो सूर मला कळतो. त्या शंकेवर इलाज म्हणून समितीने काय करावे? गच्चीवर रात्रभर जळणारा फोकस बसवला.

‘मग गावाला जा,’ असे म्हणणाऱ्यांना गावाची खबर नाही. देवळासमोर हायमास्ट, शाळेसमोर हायमास्ट, ज्या तिठ्यावर संध्याकाळनंतर माणूस फिरकत नाही तिथेही हायमास्ट आणि त्याच्या खांबावर निधी देणाऱ्याच्या नावाची पाटी. अंधाऱ्या आकाशासाठी लडाखमध्ये हानले आणि आपल्या राज्यात पेंच राखले गेले आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मी दर अमावास्येला विदर्भात जावे अशी अपेक्षा आहे का? जगभरातल्या निरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०११ ते २०२२ या काळात आकाशाचा उजेड वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. म्हणजे जन्माच्या वेळी २५० तारे दिसत असलेल्या ठिकाणच्या मुलाला अठराव्या वर्षी जेमतेम १०० दिसणार. मृगापासून हस्तापर्यंतची पावसाची नक्षत्रे आणि त्यांची वाहने आमच्या घरोघरी तोंडपाठ आहेत, पण त्यांतले एक नक्षत्र आकाशात दाखव म्हटले तर मूल खिडकीतून हायमास्टकडे बघते.

मागणी अवघड नाही. दिव्याचे तोंड सरळ खाली जमिनीकडे करा, बाजूने पत्र्याची झापड लावा, उबदार रंगाचा दिवा घाला आणि मध्यरात्रीनंतर निम्मे दिवे मंद करा. पहिले काम शिडी आणि पाना असलेला माणूस अर्ध्या तासात करील आणि रस्त्यावरचा उजेड त्यामुळे वाढेलच. हे सगळे मी आकृतीसह लिहून संबंधित कार्यालयात घेऊन गेलो. आवक-जावक पाहणाऱ्या गृहस्थांनी अर्ज न वाचताच विचारले, ‘दिवा बंद आहे का?’ मी म्हटले, चालू आहे, तोच तर प्रश्न आहे. त्यांनी सांगितले की नोंदवहीत दिवा बंद असल्याच्या तक्रारीचा रकाना आहे, चालू असल्याच्या तक्रारीचा नाही, आणि अर्ज माझ्याकडे परत सरकवला.