त्या ४० किलो बोनलेसबद्दल, मालकाचं उत्तर

अस्सलामु अलैकुम ताई,

तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय की रमजानमध्ये आमच्याकडून नेलेले शामी कबाब हलाल चिकनचे नव्हते, हे आमच्याच कामगाराने तुम्हाला सांगितलं आणि तोंड उघडलं म्हणून आम्ही त्याला काढून टाकलं. शेवटी 'लायसन तरी आहे का' असंही विचारलंय.

काढलं हे खरं. मीच काढलं.

चिकनचं नीट सांगतो. शेवटच्या अशऱ्यात, म्हणजे रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत, ऑर्डरी वाढल्या. आमचा नेहमीचा चिकनवाला डोळ्यांसमोर जबह करून, म्हणजे इस्लामी पद्धतीने कापून देतो, तो पुरा पडेना. भाच्याने बाहेरून ४० किलो फ्रोजन बोनलेस उचललं. खोक्यांवर हलालचा शिक्का नव्हता, विकणाऱ्याकडे कागद नव्हता. माल आमच्या ट्रेमध्ये पडला की सगळा सारखाच दिसतो. त्या कामगार पोराने मागे टाकलेली रिकामी खोकी पाहिली, फोटो काढला, आधी भाच्याला सांगितलं, मग मला. मी म्हणालो, "घरातलं बाहेर नको, बघतो मी." चार दिवस काहीच बघितलं नाही. मग त्याने तुम्हाला सांगितलं.

ते चिकन हराम होतं असं मला म्हणता येत नाही. हलाल होतं असंही म्हणता येत नाही. पाटीवर मात्र 'हलाल' लिहिलंय, 'बहुतेक हलाल' नाही. घरातल्या एकाने सुचवलं, आपण कोकणी शाफई पंथाचे, जबहच्या वेळी अल्लाहचं नाव घेणं आपल्यात सुन्नत, म्हणजे घेतलं तर उत्तम, राहिलं तरी चालतं, असं लिहून टाक. पण निम्मी गिऱ्हाइकं हनफी पंथाची आहेत. जाणूनबुजून नाव सोडलं तर त्यांना ते खाताच येत नाही. आणि इथे कापलं कोणी हेच ठाऊक नाही, नाव घेतलं की नाही ही पुढची गोष्ट.

खाद्यपदार्थ विकायचं FSSAI लायसन आहे, १४ आकडी, काउंटरमागे लावलंय. त्याने तुमची शंका फिटणार नाही. तपासणीला आलेला माणूस फ्रीजर उणे १८ वर आहे का ते बघेल. सुरी कोणी चालवली ते नाही. हलालचा कागद जमियत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्टसारख्या संस्था देतात. आमच्याकडे तो नाही, आमचं सगळं चिकनवाल्याच्या शब्दावर. मग त्या पोराने जायचं कुठे होतं? जागल्यांसाठी, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठी, २०१४ साली कायदा झाला, तोही सरकारी खात्यांतल्या भ्रष्टाचारापुरता. कबाब वळणाऱ्या पोराला त्याचा काय उपयोग?

उरलेला माल फेकला. शेवटच्या दहा रोज्यांत कबाब, कटलेट नेलेल्या कोणीही यावं, पैसे परत देतो, बिल नसलं तरी. खरेदी आता मी स्वतः करतो. त्यावरून बहिणीने बोलणं टाकलंय, असो. पोराच्या खोलीवर गेलो, राहिलेला पगार दिला, परत ये म्हटलं. पगार घेतला. यायला नाही म्हणाला.

एक विनंती आहे. रिव्ह्यूत तुम्ही त्याचं नाव आणि गाव लिहिलंय. पनवेलपासून मुंब्र्यापर्यंत या धंद्यातले मालक एकमेकांना ओळखतात, आणि बरेचसे माझ्यासारखेच आहेत. तो आत्ता कुठे दुसरीकडे कामाला लागलाय. स्टार एकच राहू द्या, त्याचं नाव तेवढं काढा.